गणपत गल्लीत कॅमेरा: फोटो विचारून काढायचा की न विचारता?

पस्तीस_एमएम
मंडळी, शनिवारी सकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून गणपत गल्ली, मारुती गल्ली, पांगुळ गल्ली करत रविवार पेठेत बाहेर पडायचं, हा माझा जुना छंद. पोट त्यावर नाही, त्यामुळे घाईही नाही. प्रश्न जगभर चघळून झालेला आहे, मी आपल्या बेळगावच्या बाजारापुरता विचारतो. फोटो विचारून काढायचा की न विचारता?

माझं मत आधीच सांगतो. विचारलं की फोटो गेला. कोथिंबिरीच्या जुड्या बांधणारी एखादी आक्का घ्या. एका हातात जुडी, दुसरा हात पाटीत, सुतळीचं टोक दातात, आणि त्याच अवस्थेत गिऱ्हाइकाला नकारार्थी मान हलवणं चालू. आता तिला विचारा, "आक्का, फोटो काढू काय?" ती सुतळी दातातून काढणार, पदर सारखा करणार, दोन्ही हात मांडीवर ठेवणार आणि आधार कार्डाला बसल्यासारखी बघणार. मला सुतळी हवी होती.

आमच्या ग्रुपातला एकजण म्हणतो की ही सरळ चोरी आहे. तुमचं काय म्हणणं? आणि जाता जाता, गर्दीत फोन बरा की कॅमेरा?

कुंदाप्रेमी
पहिला मीच! फोटोचा धागा आणि फोटो एकपण नाही? टाका की आदी. मग बोलूया कनी.

पस्तीस_एमएम
@कुंदाप्रेमी, मुद्दाम टाकले नाहीत. ज्यांचे आहेत त्यांना विचारलेलं नाही, आणि तोच तर धाग्याचा विषय आहे.

कुंदाप्रेमी
म्हणजे काढताना विचारायचं नाही, टाकताना विचारायचं. भारी हाय बे.

खानापूर_एक्सप्रेस
विचारणं आणि न विचारणं यांच्यामध्ये एक गोष्ट आहे, थांबणं. नवशिके चालत राहतात आणि दिसेल त्याच्यावर कॅमेरा रोखतात. त्यापेक्षा जागा निवडा. नरगुंदकर भावे चौकाच्या आसपास उन्हाची तिरीप पडणारा एखादा कोपरा धरा आणि तिथंच उभे राहा. सुरुवातीला सगळे तुमच्याकडे बघतील. मग एकजण विचारेल, "पेपरात येणार काय?" नाही म्हटलं की त्यांचा रस संपतो. त्यानंतर तुम्ही विजेच्या खांबाइतकेच महत्त्वाचे उरता, आणि खरं काम तिथून सुरू होतं.

फोकस आधीच बांधून ठेवा. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ३५ मिमीची लेन्स, लेन्सचं छिद्र बारीक म्हणजे एफ/८, अंतर अडीच मीटर. साधारण १.७ ते ४.९ मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं धारदार येतं. गल्लीची रुंदी आणि हातगाड्या बघता आपल्याला एवढंच लागतं. शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या खाली नेऊ नका, पाटी डोक्यावर घेऊन कुणी झपझप येत असेल तर १/५००. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) चढला तर चढू दे. डोळ्याला कॅमेरा लावून फोकस शोधत बसलात की समोरच्याला सावध व्हायला भरपूर वेळ मिळतो.

फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लायका कॅमेऱ्याच्या चकचकीत भागांवर काळी पट्टी चिकटवून फिरायचे. लक्ष वेधू नये एवढाच हेतू.

टिळकवाडी_तिसरं_गेट
काळी पट्टी लावणं म्हणजे लपणंच की हो. कार्तिए-ब्रेसाँचं नाव घेतलं की सगळं माफ, असं कसं?

पेठेतला_पुणेकर
आमच्याकडे तुळशीबागेत विचारायचा प्रश्नच येत नाही. दुकानदारच सांगतो, "घ्यायचं नसेल तर पुढे व्हा." फोटोलाही तेच लागू.

कुंदाप्रेमी
@पेठेतला_पुणेकर, आमच्यात घ्यायचं नसलं तरी "बसा की" म्हणतात. तेवढाच फरक बगा.

शनिवार_खूट
थोडं तांत्रिक. गणपत गल्लीत मोठी अडचण माणसांची नाही, ताडपत्र्यांची आहे. निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या माणसाचा चेहरा निळा येतो, पुढच्या पिवळ्या छत्रीखाली तोच कॅमेरा सगळ्यांना कावीळ झाल्यासारखं दाखवतो. टोमॅटोवाले लाल कापड बांधतात ते काही हौस म्हणून नाही, त्याच्याखाली कच्चा टोमॅटोही पिकलेला दिसतो. आपण रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढून घरी रंग 'दुरुस्त' करतो, पण मी हल्ली करत नाही. लाल उजेडातला टोमॅटो हा त्या बाजाराचा भाग आहे. तो उजेड पांढरा केला तर विकणाऱ्याची अर्धी अक्कल फोटोतून पुसली जाते.

याच कारणासाठी बाजाराचे फोटो उगाच ब्लॅक अँड व्हाइट करणाऱ्यांशी माझं जमत नाही. रघुवीर सिंह यांनी उभी हयात रंगीत फिल्मवर घालवली, ते १९९९ मध्ये गेले. भारतातला रस्ता रंगात बघायचा असतो हे त्यांच्या फोटोंकडे बघितल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

कडोलीची_लेक
मी बहुतेक या धाग्यावरची एकटी असेन जी फोटोच्या दुसऱ्या बाजूला बसलेली आहे.

माझी आई कडोलीहून भाजी घेऊन यायची. पहाटे टेम्पोत पाट्या चढवायच्या, उजाडायच्या आत जागा धरायची. शाळेला सुट्टी असली की मीपण बरोबर. आमच्या समोर कॅमेरेवाले यायचे, तुमच्यासारखेच. आईला फोटोचा राग नव्हता. राग कशाचा होता ते सांगते.

एक, भवानी व्हायच्या आधी. पहिलं गिऱ्हाईक झालेलं नसताना कुणी समोर उभं राहून नुसतं बघत असेल, तर आईच्या जिवाची घालमेल व्हायची. तुम्ही याला अंधश्रद्धा म्हणा. पण पहिल्या तासात पालेभाजी गेली नाही तर ती उन्हात माना टाकते, ही काही अंधश्रद्धा नाही.

दोन, तुम्ही उभे राहता ती जागा गिऱ्हाइकाची असते. खानापूर_एक्सप्रेस साहेब विजेच्या खांबाइतके होतात म्हणाले, पण खांबसुद्धा आमच्या पाटीसमोर नको असतो हो. बाजार करायला आलेली बाई तुम्हाला वळसा घालत नाही, पुढच्या पाटीला जाते.

तीन, पैसे मोजताना. आई कमरेच्या पिशवीतून नोटा काढून हिशेब करायची आणि नेमका तेव्हाच कॅमेरा वर व्हायचा, कारण "हाताचे एक्स्प्रेशन छान". गर्दीत बाईमाणसाचे पैसे कुठं असतात ते सगळ्यांना दाखवायचं नसतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. विचारून काढलात काय, न विचारता काढलात काय, आमचं फार बिघडत नव्हतं. कधी काढलात आणि कुठं उभं राहून काढलात, त्यानं बिघडायचं.

टिळकवाडी_तिसरं_गेट
+१००. धागा इथंच बंद करावा.

अनगोळ_नाका
बंद कशाला? आत्ता कुठं रंगात आलाय. कडोलीची_लेक, लिहीत राहा.

खानापूर_एक्सप्रेस
जागेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्यावर उपाय सोपा आहे, दोन पाट्यांच्या फटीत किंवा बंद दुकानाच्या पायरीवर उभं राहायचं. पाटीच्या समोर कधीच नाही. आणि सकाळी भवानीच्या वेळेपेक्षा दुपारी बारानंतर या. ऊन वरून येतं हे खरं, पण ताडपत्र्यांतून जे काही झिरपतं त्यात मजा असते आणि बायकापण जरा निवांत असतात. कुणी डबा सोडते, कुणी पाटीला टेकून डुलकी काढते. (डुलकीचा फोटो काढू नका.)

हिंडलगा_वकील
कायद्याचं थोडं, कारण मेसेजातून बरीच चुकीची माहिती फिरते.

सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला सरसकट बंदी घालणारा कायदा आपल्याकडे नाही. पण खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं आहे. 'रस्त्यावर आहे म्हणजे माझा' एवढ्यावर विसंबू नका. बाई खासगी कृतीत असताना, जिथं आपल्याला कुणी बघणार नाही अशी तिची अपेक्षा असते, तिथं चोरून फोटो काढणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. भाजी विकणं अर्थातच त्यात येत नाही, पण आडोशाला बाळाला पाजणारी आई येऊ शकते. लहान मुलांचे फोटो टाकताना दहा वेळा विचार करा.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे आपल्या हौसेने काढलेल्या फोटोचा हक्क काढणाऱ्याचाच. पण तो चेहरा उद्या मसाल्याच्या पाकिटावर छापायचा असेल तर त्या माणसाची लेखी संमती घ्या. कॅम्पात आणि किल्ल्याच्या बाजूला लष्करी आस्थापना आहेत, मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आहे. तिथल्या फाटकांकडे लेन्स वळवून 'स्ट्रीट फोटोग्राफी' समजावून सांगायची वेळ स्वतःवर आणू नका.

कुंदाप्रेमी
वकीलसाहेब, फी किती झाली?

हिंडलगा_वकील
@कुंदाप्रेमी, पाव किलो कुंदा. रोख.

यशिका_आजोबा
मजकूर वाचून जुने दिवस आठवले. आमच्या वेळी रोल म्हणजे पैसा. ट्विन लेन्सच्या यशिकात १२० चा रोल घातला की बारा फोटो, संपला विषय. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल मिळायचा, तो वापरायचो. तुम्ही आज एका कोथिंबिरीच्या जुडीला जेवढे फोटो काढता, तेवढ्यात आमची गणपती ते दिवाळी व्हायची. त्यामुळे न विचारता काढणे वगैरे चैन नव्हतीच. आधी गप्पा, मग चहा, मग उजेड बघायचा, मग एक फोटो.

पण त्या कॅमेऱ्याची एक गंमत होती. तो पोटाशी धरायचा आणि वरून काचेत बघायचं. रविवार पेठेत एकदा मान खाली घालून मी बराच वेळ उभा. धान्याच्या पोत्यांवर बसलेल्या हमालांपैकी एकजण उठून आला आणि म्हणाला, "काय पडलंय काय ओ तुमचं?" आणि माझ्याबरोबर जमिनीवर शोधायला लागला. त्या वाकलेल्या माणसाचा फोटो माझ्याकडे आहे. त्याला सांगितल्यावर एवढा हसला की पुढचे दोन फोटो हलले.

अनगोळ_नाका
आजोबा, तो फोटो स्कॅन करून टाकाच. नाहीतर नातवंडांना कामाला लावा.

शहापूरकर
माझी तक्रार वेगळीच आहे. विचारून असो नाहीतर न विचारता, सगळे एकच फोटो काढतात. सुरकुतलेली म्हातारी, कपाळावर मोठं कुंकू, पुढ्यात लिंबू-मिरची. दरवर्षी प्रदर्शनात तीच म्हातारी. बाजार म्हणजे काय एवढंच?

रविवार पेठेत पाठीवर पोतं घेताना हमाल आकडा कसा लावतो ते कुणी काढलंय? किराण्याच्या गादीवर बसून एकाच वेळी कानडीत भाव सांगणारा, मराठीत चिठ्ठी लिहिणारा आणि उर्दूत फोनवर भांडणारा मुनीम? पांगुळ गल्लीत बांगड्या भरताना नव्या नवरीचा हात दाबणारा, तिच्या आईशी मात्र बोलत असणारा कासार? पाऊस संपता संपता पश्चिम भागातून रताळ्यांची पोती येतात, मातीसकट, तो सगळा रंगाचा खेळ कुणी बघत नाही. वडगाव-खासबागेतल्या मागांवरची साडी शहापुरात दुकानात उलगडते तेव्हा दुकानदाराच्या मनगटाला जो झटका असतो, तो टिपायला तर १/५०० पण पुरणार नाही.

गरिबी फोटोत चांगली दिसते म्हणून गरीब माणसाकडेच कॅमेरा वळतो. सराफाच्या पेढीत शिरून न विचारता एक फोटो काढून दाखवा की. तिथं बरोबर विचारता.

टिळकवाडी_तिसरं_गेट
शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं.

पस्तीस_एमएम
शहापूरकर, सराफाचा मुद्दा टोचला, आणि त्याला माझ्याकडे उत्तरही आहे. पेढी खासगी जागा आहे, गल्ली सगळ्यांची.

शहापूरकर
पाटीमागची तीन फूट जागा ही तिची पेढीच आहे साहेब. शटर नाही एवढंच.

शनिवार_खूट
शहापूरकरांच्या यादीत पाट्या राहिल्या. जुन्या दुकानांच्या हाताने रंगवलेल्या पाट्या फोटोत धरून ठेवा. फ्लेक्स आल्यापासून त्या जातायत. अक्षरांची वळणं, सावली दिलेली जोडाक्षरं, कोपऱ्यात पेंटरची बारीक सही. आणि कुठल्या पाटीवर कुठली भाषा वर, कुठली खाली, हे वीस वर्षांनी बघितलं तर शहराचा इतिहास वाचता येईल.

काकती_वेस
भाषेचं नाव काढलंत म्हणून सांगतो. पाटीवर साठ टक्के कानडी पाहिजे हा नियम आल्यावर आमच्या दुकानाची...

संपादक
सीमाप्रश्न आणि पाट्यांचा वाद यासाठी स्वतंत्र धागा चालू आहे (आणि चांगलाच पेटलेला आहे). इथं फोटोग्राफीवर बोलूया. वरचा प्रतिसाद तिकडे हलवला आहे.

काकती_वेस
ठीक आहे. मग फोटोबद्दलच एक ओळ: १ नोव्हेंबरला (एकीकडे राज्योत्सव, दुसरीकडे काळा दिन) मी कॅमेरा घरी ठेवतो. त्या दिवशी लोक फोटो बघत नाहीत, फोटो काढणारा कुणाच्या बाजूचा आहे ते बघतात.

निपाणीकर
आमच्याकडचा अनुभव. चप्पल शिवणाऱ्या कारागिराचे फोटो काढायला गेलो होतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, त्यात कोल्हापूर-सांगलीच्या बरोबरीने आपला बेळगाव जिल्हाही आहे हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मी अर्धा तास त्याच्या हातांचे फोटो घेतले. कातड्यावर आरीने भोक पाडायचं, वादी ओवायची, लाकडी हातोडीने ठोकायचं. तो एक शब्द बोलला नाही. शेवटी मान वर न करता म्हणाला, "पायाचा नंबर किती?"

घेतली चप्पल. करकर वाजते, मस्त आहे.

कुंदाप्रेमी
म्हणजे परवानगीचा दर एक चप्पलजोड.

कडोलीची_लेक
हसण्यावारी नेऊ नका, बरोबरच आहे ते. आमच्या इथं येणारे एक गृहस्थ आधी भाजी घ्यायचे. कधी मेथी, कधी नुसती मिरची. मग पिशवी खांद्याला लावून बाजूला उभे राहायचे. आई त्यांना "फोटोवाले मामा" म्हणायची आणि त्यांच्याकडे लक्षच द्यायची नाही. पस्तीस_एमएम, तुमची सुतळी त्यांना रोज मिळत असेल. त्यांनी कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

पस्तीस_एमएम
म्हणजे तुम्ही माझ्याच बाजूच्या निघालात!

कडोलीची_लेक
अजिबात नाही. तुम्ही म्हणता विचारलं की फोटो जातो. मी म्हणते ओळख झाली की विचारायची गरज जाते. त्या मामांनी पुढे प्रिंटपण आणून दिली. आईनं ती घरात लावली नाही, पाट्या ठेवतो त्या खोलीत लावली. ती म्हणाली, "हिथंच बरी, कामाचा फोटो हाय."

अनगोळ_नाका
प्रिंट देणे हा या धाग्यातला सगळ्यात कामाचा सल्ला. दोन चहाच्या पैशात चार बाय सहाची प्रिंट मिळते. मी पुढच्या शनिवारी घेऊन जातो, आणि मग शेजारचे तीनजण "आमचा कधी" विचारतात. भाषेचं म्हणाल तर मराठी बोलणाऱ्याला "काढू काय?", कानडीवाल्याला "फोटो तगीलेन्री?", आणि मुसलमान चाचा असतील तर "निकालूं क्या चाचा?" तिघांनाही कॅमेरा खाली ठेवून विचारायचं. "ब्याडरी" (नको) म्हणाले की हसून पुढे. ताबडतोब पुढे, दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

रामलिंगखिंड
एक निरीक्षण. बाजारात "फोटो नको" म्हणणारा तोच दुकानदार शिवजयंतीच्या चित्ररथात फेटा बांधून ट्रॅक्टरवर उभा असतो आणि हाक मारून फोटो काढून घेतो. विसर्जनाला कपिलेश्वर तलावावर तर विचारू नका, दहा फोटो काढले तरी "ढोलासकट काढ की" ऐकावं लागतं. तिथं तो स्वतःला पाहिजे तसा उभा असतो. दुकानात घामेजलेला, उधारीवाल्याशी बोलत असलेला. कुठला चेहरा दाखवायचा हे त्याला ठरवायचं असतं. परवानगीचा घोळ मला वाटतं इथं आहे.

खानापूर_एक्सप्रेस
रामलिंगखिंड, अगदी. पण मग फक्त फेट्यातलेच फोटो उरतील आणि उधारीवाल्याशी बोलणारा बेळगावचा दुकानदार इतिहासातून गायब. न विचारता काढलेल्या फोटोची गरज तिथंच लागते. त्यामुळे मी काढतो. लगेच कुठं टाकत नाही आणि कुणी नको म्हटलं तर त्याच्यासमोर पुसतो.

पस्तीस_एमएम
पुसण्याबद्दल माझा विरोध आहे, पण तो वेगळा धागा होईल. तूर्त एवढंच ठरवतो: बारानंतर जायचं, पाटीसमोर उभं राहायचं नाही, पैशांच्या हातांवर लेन्स नाही. न विचारता काढणं सोडत नाही. आणि माझ्या दुसऱ्या प्रश्नाला कुणीच हात लावला नाही. फोन की कॅमेरा?

शनिवार_खूट
फोन. सगळ्यांच्याच हातात असतो, कुणी वळून बघत नाही. शिवाय त्याची मुख्य लेन्स रुंद असते, जवळ गेल्याशिवाय फोटोच होत नाही. आपोआप बोलणं होतं.

खानापूर_एक्सप्रेस
कॅमेरा. फोन खिशातून काढला की लोकांना वाटतं व्हिडिओ करून कुठंतरी टाकणार. हल्ली कॅमेऱ्यापेक्षा फोनलाच जास्त बिचकतात. आणि आपला पाऊस? ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही.

शनिवार_खूट
आवाजाचं बटण दाबा, फोटो निघतो. स्क्रीनला हात लावायचा नाही. तुमच्या लेन्सला पावसाळ्यात बुरशी येते तिचं काय?

खानापूर_एक्सप्रेस
घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या ओलावल्या की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत आत. कातड्याच्या पिशवीत लेन्स ठेवू नका, बुरशी तिथूनच सुरू होते.

यशिका_आजोबा
आमच्या लेन्सा तांदळाच्या डब्यात असायच्या. हिनं एकदा भाताबरोबर लेन्सचं टोपण शिजवलं.

कुंदाप्रेमी
आजोबा, त्याचा फोटो हाय काय?